‘प्राथमिक फ्रेंच’ : एका नोंदीचा अर्थ

(मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात विद्यार्थी व पालकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींनी आम्हाला दारातच विचारले, “हे फ्रेंच कुठून काढलंत?” प्रश्न रास्त आहे. आपल्या मंडळात आजवर धम्मावर, आरक्षणावर, स्पर्धा परीक्षांवर, व्यसनमुक्तीवर व्याख्याने झाली. फ्रेंच भाषेच्या प्राथमिक वर्गावर कोणी बोलले नाही. पण हा विषय आम्ही बाहेरून आणलेला नाही. तो परमपूज्य बाबासाहेबांच्या शैक्षणिक प्रगतिपुस्तकातच आहे.

बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वय बावीस वर्षांचे. तिथल्या तीन वर्षांत त्यांनी कोणकोणते अभ्यासक्रम घेतले, याची नोंद विद्यापीठाच्या दप्तरी आहे. अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, आणि शेवटी प्राथमिक फ्रेंचचा 1 व प्राथमिक जर्मनचा 1. बेरीज केली तर 60 होतात. आम्ही बँकेतली माणसे, बेरीज केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

या साठांपैकी अठ्ठावन्न अभ्यासक्रमांविषयी आपण अभिमानाने बोलतो. ‘एवढे अर्थशास्त्र शिकलेला दुसरा पुढारी दाखवा’ असे आव्हान देतो, आणि ते खरेही आहे. शेवटच्या दोन नोंदींकडे मात्र आपली नजर जात नाही. त्यातल्या एका नोंदीवर आम्ही आज बोलणार आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे ‘प्राथमिक’ हा शब्द. मुंबई विद्यापीठाचा पदवीधर, एम.ए. आणि पीएच.डी.च्या तयारीने गेलेला माणूस, बिगरी यत्तेतल्या मुलासारखा ‘हे पुस्तक आहे, ती शाळा आहे’ अशी वाक्ये घोकायला बसतो. शिष्यवृत्तीची मुदत तीनच वर्षांची. एकेक तास मोलाचा. तरीही त्यातले तास काढून तो परक्या भाषेच्या मुळाक्षरांना देतो. आपल्याकडे चार इयत्ता शिकलेल्या माणसालाही नव्याने काही शिकायची लाज वाटते. ‘या वयात आता काय’ हे वाक्य आपल्या वस्तीत तिशीतच ऐकू येते. बाबासाहेबांना प्राथमिक वर्गात बसण्याची लाज वाटली नाही, हे त्या नोंदीने सिद्ध होते.

दुसरी गोष्ट. भाषा नाकारली जाणे म्हणजे काय, हे ज्याला लहानपणीच कळले होते त्या माणसाची ही नोंद आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकायची इच्छा असून त्यांना ती शिकता आली नाही, कारण जात आडवी आली. दुसरी भाषा म्हणून फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने आत्मसात केली. पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर त्यांनी केलेले काम महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील सोळाव्या खंडात आपल्याला पाहता येते. जर्मनमध्ये तर त्यांनी एवढी गती मिळवली की 1921 साली बॉन विद्यापीठाकडे केलेला अर्ज त्यांनी जर्मन भाषेत, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिला. ज्या देशात जन्म झाला तिथल्या शाळेने एक भाषा नाकारली, आणि साता समुद्रापलीकडच्या विद्यापीठाने ‘कोणती पाहिजे ती शीक’ म्हटले. हा फरक त्यांनी किती खोलवर जाणला असेल, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा.

आता कोणी म्हणेल, ते विद्यापीठाच्या नियमामुळे असेल. त्या काळी अमेरिकेतल्या विद्यापीठांत डॉक्टरेट करणाऱ्याला फ्रेंच व जर्मन वाचता यावे, अशी सर्वसाधारण रीतच होती. पण नियम का होता? तर जगातले मोठे ज्ञान त्या वेळी तीन भाषांत विभागलेले होते, आणि एकच भाषा येणारा विद्वान अर्धा आंधळा समजला जाई. बाबासाहेबांचे गुरू प्रोफेसर सेलिग्मन यांनी स्वतः बर्लिन, हायडेलबर्ग, जिनिव्हा आणि पॅरिस येथे अभ्यास केला होता. गुरूच असा असल्यावर शिष्याला इंग्रजीच्या कुंपणात राहून कसे चालेल?

या वाचनाचा पुरावा त्यांच्या लेखनात सापडतो. 9 मे 1916 रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात बाबासाहेबांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. वय पंचवीस. त्यात जातीची व्याख्या करणाऱ्या चार पंडितांना त्यांनी तपासणीसाठी उभे केले. नेसफिल्ड, रिस्ले, आपले केतकर आणि चौथे एमिल सेनार. हे सेनार फ्रेंच. त्यांनी विटाळाच्या कल्पनेला जातीच्या लक्षणांत स्थान दिले. बाबासाहेबांनी ते मान्य केले नाही. विटाळ हे जातीचे मूळ लक्षण नव्हे, जातीजातींत लग्न न होणे हे मूळ लक्षण, असे त्यांनी मांडले. त्याच निबंधात गॅब्रिएल तार्द या दुसऱ्या फ्रेंच विचारवंताचा अनुकरणाचा सिद्धांत त्यांनी वापरला आहे. वरच्याचे अनुकरण खालचा करतो आणि अशा रीतीने जात वरून खाली पसरत गेली, हे त्यांनी तार्दच्या आधाराने दाखवले.

इथे एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. तार्दचे पुस्तक 1903 साली इंग्रजीत आले होते. सेनारचे जातीवरचे पुस्तक फ्रेंचमध्ये 1896 साली निघाले, पण त्याचे इंग्रजी भाषांतर 1930 साली झाले. म्हणजे 1916 साली ज्याला ते पुस्तक मुळातून सबंध वाचायचे असेल, त्याला फ्रेंचवाचून गत्यंतर नव्हते. आपल्या जातीव्यवस्थेवरचे महत्त्वाचे पुस्तक, ते ज्यांच्यावर लिहिले त्या देशात पोहोचायला चौतीस वर्षे लागली. आपल्याविषयी कोण काय लिहितो, हे आपल्याला किती वर्षांनी कळावे? आजचा खरा प्रश्न हाच आहे.

याच सेनारांचे नाव आपल्या महाराष्ट्राला आणखी एका कारणाने माहीत असायला हवे. कार्ल्याच्या आणि नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांचे वाचन आणि भाषांतर ‘एपिग्राफिया इंडिका’ या सरकारी ग्रंथमालेत ज्यांनी छापले, ते हेच. आपण सहलीला कार्ल्याला जातो, चैत्यगृहात त्रिसरण-पंचशील म्हणतो, खांबांवरची अक्षरे बोटाने चाचपतो आणि परत येतो. त्या अक्षरांत कोणत्या गावच्या कोणत्या उपासकाने काय दान दिले, हे एक फ्रेंच पंडित वाचून ठेवून गेला.

बौद्ध विद्येच्या बाबतीत फ्रेंचांचे काम याहूनही मोठे आहे. युजेन बर्नुफ या पंडिताने लासेन या सहकाऱ्याबरोबर 1826 साली पाली भाषेवर ग्रंथ लिहिला. त्या वेळी बर्नुफचे वय पंचवीस. पुढे नेपाळातून हॉजसन यांनी पाठवलेल्या हस्तलिखितांवरून त्याने 1844 साली ‘भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाची प्रस्तावना’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. हा माणूस कधी भारतात आला नाही. पण भारत ज्याला विसरला होता त्या बुद्धाचा इतिहास त्याने पॅरिसमध्ये बसून मूळ ग्रंथांवरून उभा केला. या ग्रंथाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर कधी झाले? 2010 साली. मधली 166 वर्षे तो ग्रंथ फ्रेंच येणाऱ्यांसाठीच होता.

चिनी भिक्खू ह्युएनत्संग सातव्या शतकात भारतात आला. महाराष्ट्रातही येऊन गेला. त्याच्या प्रवासवर्णनाचे चिनीतून फ्रेंचमध्ये भाषांतर स्तानिस्लास ज्युलियन यांनी 1857-58 साली प्रसिद्ध केले. हे फ्रेंच पुस्तक हाताशी घेऊन जनरल कनिंगहॅम यांनी प्राचीन बौद्ध स्थळांचा ठावठिकाणा लावला. इंग्रजी भाषांतर पुढे 1884 साली बील यांनी केले. वसुबंधूचा ‘अभिधर्मकोश’ 1923 पासून फ्रेंचमध्ये येऊ लागला. तो ला व्हाले पूसँ या बेल्जियन पंडिताने आणला. तोच फ्रेंच अनुवाद पुढे इंग्रजीत आला, तो 1988 नंतर.

आणि आपली मराठी? मराठी भाषा कशी घडली, प्राकृतापासून तिचे रूप कसे बदलत आले, याचा शास्त्रीय इतिहास ज्यूल ब्लॉक यांनी लिहिला. तोही फ्रेंचमध्ये, 1920 साली. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी 1941 साली तो मराठीत आणला. मराठी माणसाला आपल्या आईच्या भाषेची जन्मकथा फ्रेंचमधून मागवावी लागली, असेच म्हणायला हवे.

पण आपण आता जवळच्या गोष्टीकडे येऊ. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 साली आले. त्याचे इंग्रजी भाषांतर 2015 साली झाले. फ्रेंच भाषांतर मात्र 1990 सालीच पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले होते. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमचं’चे फ्रेंच भाषांतर 1991 साली निघाले, इंग्रजी 2008 साली. म्हणजे लंडनच्या वाचकाच्या कितीतरी आधी पॅरिसच्या वाचकाने फलटणच्या आपल्या बेबीताईंचे बोल वाचले. ही दोन्ही भाषांतरे गी प्वातव्हँ यांनी थेट मराठीतून केली. हे गृहस्थ फ्रान्समधून आले, पुण्यात राहिले, मराठी शिकले, भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर यांच्याबरोबर खेडोपाडी फिरून त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या आयाबहिणींनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. 2004 साली ते वारले. त्यांचे ऋण आपण मानले पाहिजे.

ऋण मानून झाल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारावा. एक फ्रेंच माणूस मराठीच्या प्राथमिक धड्यापासून सुरुवात करून आपल्या आयांच्या ओव्यांपर्यंत पोहोचतो. मग आपल्यातला एखादा मुलगा, एखादी मुलगी फ्रेंचच्या प्राथमिक धड्यापासून सुरुवात करून ‘आमचे आम्ही सांगतो’ इथपर्यंत का पोहोचू नये? ‘ढोर’, ‘गावकूस’, ‘मेलेलं जनावर’, ‘जोहार’ या शब्दांमागची कळ ज्याच्या घरात आहे, त्याने ते दुसऱ्या भाषेत न्यावेत, यात मोठा अर्थ आहे.

आता मंडळाच्या कामाकडे वळतो. आपल्या शैक्षणिक साहाय्य निधीकडे यंदा एक अर्ज आला आहे. प्रथम वर्ष कला शाखेत शिकणारी आपल्या वस्तीतली एक मुलगी. कॉलेजचे नेहमीचे विषय सांभाळून तिला फ्रेंचच्या प्राथमिक प्रमाणपत्र वर्गाला बसायचे आहे आणि त्याची फी मागितली आहे. अर्ज समितीपुढे आहे, निर्णय व्हायचा आहे. समितीत जे आक्षेप निघाले ते मोकळेपणाने इथे मांडतो, कारण आक्षेप घेणारी माणसे आपलीच आहेत आणि त्यांची कळकळ खरी आहे.

पहिला आक्षेप : याने पोट भरणार आहे का? त्याच पैशात टायपिंग होईल, संगणकाचा कोर्स होईल, स्पर्धा परीक्षेची पुस्तके येतील. याचे उत्तर आम्ही गुळमुळीत देणार नाही. एका प्राथमिक वर्गाने नोकरी लागत नाही. भाषेच्या सहा पायऱ्या युरोपात ठरवल्या आहेत. ए-एक, ए-दोन, बी-एक, बी-दोन, सी-एक, सी-दोन अशी त्यांची नावे आहेत. प्राथमिक वर्ग म्हणजे ए-एक, पहिली पायरी. भाषांतर, अध्यापन, परदेशी कंपन्यांचे काम यांसाठी निदान चौथ्या पायरीपर्यंत जावे लागते आणि त्याला काही वर्षे लागतात. जो कोणी ‘सहा महिन्यांत फ्रेंच, लगेच परदेशात नोकरी’ असे सांगतो, त्याच्यापासून सावध राहा. पण पहिल्या पायरीवाचून चौथी नाही. आपण मुलाला पहिलीत घालतो तेव्हा ‘पहिली पास झाल्यावर पगार किती’ असे विचारतो का?

दुसरा आक्षेप : आपल्या मुलांचे इंग्रजीच कच्चे, त्यात हे कशाला? आम्हाला हा आक्षेप सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात भीती दडलेली आहे. महापालिकेच्या शाळेतून आलेले मूल इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसते. शेजारचे मूल घरात इंग्रजी ऐकत वाढलेले असते. शर्यत सुरू होण्याआधीच ते अर्धे मैदान पुढे असते. फ्रेंचच्या पहिल्या तासाला तसे नसते. तिथे कॉन्व्हेंटचे मूल आणि पालिकेच्या शाळेतले मूल, दोघांनाही ‘बोंझूर’च्या पुढे काही येत नाही. इंग्रजी येणाऱ्याला शब्दांचा थोडा फायदा होतो, कारण इंग्रजीने फ्रेंचकडून हजारो शब्द उचलले आहेत. पण व्याकरणात मराठी येणाऱ्याचा फायदा आहे.

तो कसा, ते थोडक्यात सांगतो. इंग्रजीत टेबलाला, शाळेला लिंग नाही. फ्रेंचमध्ये प्रत्येक नामाला आहे. शाळा आपल्यासारखीच स्त्रीलिंगी, सूर्य आपल्यासारखाच पुल्लिंगी, चंद्र मात्र तिथे स्त्रीलिंगी. इंग्रज मूल ‘टेबल बाई कशी?’ म्हणून गोंधळते. आपल्या मुलाला तो, ती, ते ही तीन लिंगे पाठ असतात, तिथे तर दोनच आहेत. इंग्रजीत लहानाला आणि थोराला एकच सर्वनाम. फ्रेंचमध्ये जवळच्याला ‘त्यू’ आणि मानाच्या माणसाला ‘वू’, म्हणजे आपले तू आणि तुम्ही. कोणाला काय म्हणायचे हे आपल्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. मी जातो, तू जातोस, ते जातात असे क्रियापद बदलते, तसेच तिथेही बदलते. सातला ते ‘सेत’ म्हणतात, दहाला ‘दीस’. दूरच्या नात्यातल्या भाषा आहेत, चेहरेपट्टी थोडी जुळते.

आकड्यांची तर गंमतच आहे. फ्रेंचमध्ये ऐंशीला स्वतंत्र शब्द नाही. ते ‘चार विसा’ म्हणतात. नव्वद म्हणजे ‘चार विसा दहा’. शहरातली मुले हे ऐकून हसतात. पण आपल्या आज्या बाजारात कोंबड्यांची अंडी कशी मोजायच्या? ‘तीन इसा नि धा’. सत्तर हा शब्द त्यांना लागत नव्हता. ज्या मोजणीला आपण अडाणी समजून विसरलो, तीच मोजणी पॅरिसच्या बँकेत रोज चालते.

कठीण काय आहे तेही सांगायला हवे. लिहितात एक, वाचतात दुसरे. शब्दाच्या शेवटची अक्षरे बहुधा गिळतात. राजधानीच्या नावातला ‘स’ लिहितात, पण तोंडाने ‘पारी’ म्हणतात. ‘र’ घशातून काढावा लागतो. काही स्वर नाकातून येतात. पहिले तीन महिने कान सरावत नाही, आणि बहुतेक मुले तिथेच वर्ग सोडतात. त्यावर इलाज रोजच्या सरावाचा. रोज अर्धा तास मोठ्याने वाचणे, आणि मोबाईलवर गाणी ऐकतो त्यातली पंधरा मिनिटे फ्रेंच बातम्यांना देणे. समजले नाही तरी ऐकणे. धम्मपदाच्या गाथा आपण आधी कानाने शिकलो, अर्थ मागून कळला. तसेच हे आहे.

तिसरा आक्षेप : हे मोठ्या घरच्या मुलांचे शौक आहेत. अकरावीत मराठी सोडून फ्रेंच घ्यायचे, कारण गुण भरपूर मिळतात. हे घडते, आणि ते आम्हालाही पटत नाही. गुणांसाठी फ्रेंच घेऊन परीक्षा झाली की विसरणे, आणि त्यापायी मायबोली सोडणे, हा दुहेरी तोटा आहे. आमचे म्हणणे मराठी सोडा असे मुळीच नाही. मराठी पक्की ठेवा, इंग्रजी कामापुरती नीट करा, आणि त्यावर ज्याला आवड आहे त्याने तिसरी भाषा घ्या. पण ‘मोठ्या घरचे’ म्हणून एखादी विद्या सोडून देणे हे आपल्याला शोभत नाही. ‘हे तुमच्यासाठी नाही’ असे पूर्वी दुसरे आपल्याला सांगत. आता ते आपण आपल्याच मुलीला सांगायचे का?

आमच्या रोजच्या कामातलेच शब्द पाहा. ‘मॉर्गेज’ हा शब्द आम्ही दिवसातून दहा वेळा लिहितो. तो जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ ‘मेलेले तारण’. ‘बजेट’ हा शब्दही तिथलाच. त्याचा मूळ अर्थ चामड्याची लहान पिशवी. आपल्या कित्येकांच्या बापजाद्यांनी चामडे कमावले, पण त्यांच्या हातात बजेट कधी आले नाही. शब्दांच्या पोटात असा इतिहास असतो, आणि तो वाचता येणे हेही शिक्षणच आहे.

सार्वजनिक कामाच्या दृष्टीनेही पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषा दोन, इंग्रजी आणि फ्रेंच. मानवी हक्कांचे काम आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ज्या जिनिव्हा शहरात आहे, त्या शहराची भाषा फ्रेंच. 2001 साली डर्बनच्या परिषदेत जातीचा प्रश्न जगापुढे नेण्यासाठी आपले कार्यकर्ते झगडले. 2002 साली वंशभेद निर्मूलन समितीने जन्मावर आधारित भेदभावाविषयी, ज्यात जातीचाही समावेश आहे, शिफारस केली. अशा ठिकाणी आपले गाऱ्हाणे मांडताना दुभाष्याच्या तोंडाकडे पाहत बसणे आणि समोरच्याशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलणे यांत फरक आहे.

स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द फ्रेंच राज्यक्रांतीमुळे जगभर झाले. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बोलताना बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना 1789 च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. पण 3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवर बोलताना त्यांनी स्पष्ट केले की ही तत्त्वे आपण फ्रेंच क्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली. आम्हाला यात एक धडा दिसतो. ज्याने फ्रेंचांचे वाचले होते, त्यालाच ‘हे मी त्यांच्याकडून घेतलेले नाही’ असे अधिकाराने म्हणता आले. दुसऱ्याची भाषा शिकल्याने माणूस परका होत नाही. उलट आपले काय आणि त्यांचे काय, हे त्याला नेमके कळते.

धम्मालाही हे नवे नाही. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदात, म्हणजे वेदांच्या भाषेच्या धाटणीत, बांधण्याची परवानगी मागितली, तेव्हा तथागतांनी ती नाकारली आणि आपापल्या बोलीत शिकण्याची मुभा दिली, अशी कथा विनयपिटकात आहे. म्हणून धम्म एका भाषेचा कैदी झाला नाही. तो सिंहली झाला, चिनी झाला, तिबेटी झाला. प्रत्येक वेळी कोणीतरी भिक्खू परक्या देशात जाऊन तिथल्या भाषेचा पहिला धडा गिरवत बसला होता, म्हणूनच हे घडले. भारतात धम्म लोपला तेव्हा त्याच भाषांतरांतून तो आपल्याकडे परत आला.

विद्यार्थ्यांना व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी सांगतो. मुंबईत विद्यापीठाचा फ्रेंच विभाग आहे, आलियाँस फ्राँसेझ आहे. पुण्यात विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाचे वर्ग ‘रानडे इन्स्टिट्यूट’च्या नावाने सर्वांना माहीत आहेत. वर्ग, वेळा आणि फी दरवर्षी बदलतात, त्यामुळे स्वतः जाऊन चौकशी करा, ऐकीव माहितीवर विसंबू नका. फी भरण्याआधी वर्गातल्या जुन्या विद्यार्थ्याला भेटा. एकटे जाऊ नका, दोघे-तिघे मिळून जा, म्हणजे घरी सरावाला सोबत होते. पहिल्या वर्षाचे ध्येय मोठे ठेवू नका. कोशाच्या मदतीने एक पान वाचता आले तरी पुष्कळ झाले. ‘डेल्फ’ नावाच्या परीक्षेचे प्रमाणपत्र एकदा मिळाले की आयुष्यभर चालते, त्यामुळे मध्ये खंड पडला तरी चढलेली पायरी वाया जात नाही.

आणि समितीला आमची विनंती अशी. त्या मुलीचा अर्ज मंजूर करावा. त्यासाठी टायपिंगच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याचा एक पैसाही कापू नये. आमच्यासारख्या नोकरदारांनी महिन्याचा चहा थोडा कमी करून ही रक्कम वेगळी जमवावी, आणि तिची सुरुवात आम्ही स्वतःपासून करतो. अट घालायचीच असेल तर एकच घालावी : वर्षाच्या शेवटी तिने एखादे साधे फ्रेंच पान मराठीत करून आपल्यापुढे वाचून दाखवावे, आणि त्या दिवशी समितीच्या सर्व सभासदांनी पहिल्या रांगेत बसून ते ऐकावे.

बाबासाहेबांच्या साठ अभ्यासक्रमांतला प्राथमिक फ्रेंचचा अभ्यासक्रम लहानसा होता. पण लहान म्हणून त्यांनी तो टाळला नाही. ‘शिका’ हा त्यांचा पहिला आदेश. काय शिका आणि काय शिकू नका, अशी मर्यादा त्या शब्दाला त्यांनी घातलेली नाही. ती आपण घालू नये, एवढेच आमचे सांगणे.